श्यामलाचा कंगवा

"पूर्ण नाव?" अनुपने विचारलं.

"आरुषी श्यामला रामटेके."

त्याने कीबोर्डवरून मान वर केली. "वडिलांचं नाव नाही?"

"पासपोर्टवर आहे. इथे नको."

"बरं. जन्मतारीख?"

"सहा फेब्रुवारी, दोन हजार एक. नागपूर."

रक्ताच्या नात्यांवरून बेपत्ता माणसं शोधणं हे इरावतीचं काम. ऑकलंडच्या तिच्या एका खोलीच्या ऑफिसात अनुप तिचा मदतनीस होता. आरुषीने टेबलावर एक फोटो ठेवला. तलावाच्या काठावर सडपातळ तरुणी, कमरेला ओढणी घट्ट बांधलेली. कोपऱ्यात तारीख होती, डिसेंबर २०००.

"माझी आई. बाकीचे फोटो पप्पांनी फेकले. हा मावशीने दिला. आम्ही नागपूरहून इथे आल्यावर, मी दोन वर्षांची असताना आई नाहीशी झाली. पप्पा म्हणतात, कुणाबरोबर तरी पळाली. बावीस वर्षं अख्खा समाज तेच म्हणतोय. गेलेल्या माणसासाठी करतात ते पुण्यानुमोदन मला तिचं करायचंय, तर म्हणे पळालेल्या बाईचं कसलं पुण्यानुमोदन? मी नाही ऐकणार!"

"ती जिवंत नाही, हे कशावरून?" इरावतीने विचारलं.

"मी दहा वर्षांची असताना आमच्या भागात, रोटोटुनात, एका बाईची हाडं सापडली. ड्रेनेजच्या पाइपशेजारी. पोलिसांनी माझ्या गालात कापूस फिरवला. जुळलं नाही. पण ती बाई अजून निनावी आहे. पुन्हा तपासा."

पोलिसांच्या परवानगीने हाडांची नवी चाचणी झाली. तीन आठवड्यांनी अहवाल आला.

"आरुषीशी पंचवीस टक्केच जुळतंय," अनुप म्हणाला. "आई असती तर पन्नास हवे होते. खेळ खलास."

"आणि फक्त आईकडून मुलांना मिळतो तो डीएनए?" इरावतीने विचारलं.

"तो तंतोतंत सारखा. मशीनचा घोळ असेल."

"कळलं नाही की बिचारी मशीन! चल, गाडी काढ."

रविंद्र रामटेके रोटोटुनातल्या मोठ्या घरात राहत होते. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही.

"इथल्या अर्ध्या रस्त्यांखालचे पाइप मी टाकलेत," खिडकीबाहेर बोट दाखवत ते म्हणाले. "दोन हजार तीनमध्ये ही सगळी कुरणं होती. माणसाला इथे मान आहे, मॅडम. तो घालवू नका."

"हाडं सापडली तेव्हा नमुना कुणाचा दिलात?"

"आरुषीचा. मुलीपेक्षा जवळचं कोण? मी स्वतः घेऊन गेलो होतो. जुळला नाही. आता पुरे."

आरुषीच्या सुजातामावशी ऑकलंडच्याच पापाटोएटो भागात एका किराणा दुकानात कामाला होत्या. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत त्या बोलल्या.

"मी म्हटलं होतं, माझं रक्त घ्या. आम्ही दोघीच बहिणी. भाऊजी म्हणाले, गरज नाही, श्यामलाच्या कंगव्यावरचे केस पोलिसांनी तपासले. ती नव्हे."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"ती नाहीशी होण्याच्या आठवडाभर आधी, फोनवर. मी तेव्हा नागपुरात. म्हणाली, लेकरू घेऊन परत येते, इथे नाही राहायचं."

"आरुषीचा जन्म तुमच्यासमोर झाला?"

जुडीचा दोरा तुटला. "मी होते तिथे," म्हणत त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

शनिवारी रविंद्रच्या दिवाणखान्यात सगळे जमले. दाराशी साध्या कपड्यांतली पोलीस अधिकारी उभी होती.

"आरुषी, बस," इरावती म्हणाली. "ती हाडं श्यामलाची आहेत."

"पण पंचवीस टक्केच..." अनुप पुटपुटला.

"त्याचा अर्थ एवढाच, की आरुषी तिच्या पोटची नाही. पंचवीस टक्के आणि आईकडचा धागा तोच, म्हणजे ही बाई आरुषीच्या जन्मदात्या आईची सख्खी बहीण. श्यामलाला एकच बहीण, सुजाताबाई. आणि तो डिसेंबरचा फोटो बघा, बाळंतपणाला दोन महिने उरले असताना कमरेला ओढणी कोण आवळतं?"

सुजाताबाईंना रडू फुटलं. "तिला मूल होत नव्हतं. माझं तिसरं तिच्या ओटीत घातलं. दवाखान्यातही तिचंच नाव लावलं. घरातल्या घरात कागद कोण करतं? लेकराला कळू द्यायचं नाही, अशी तिने शपथ घातली होती."

"मलाही माहीत नव्हतं!" रविंद्र ओरडले.

"मग सुजाताबाईंना कंगव्याची थाप कशाला? पोलिसांना तर आरुषीचा नमुना दिलात. आरुषीचा नमुना दिलाय म्हटलं असतं, तर तो जुळणार नाही हे यांनी तिथेच सांगितलं असतं आणि स्वतःचं रक्त दिलं असतं. निर्दोष नवऱ्याला बायको सापडायला हवी असते. तुम्हाला ती सापडायला नको होती, कारण तुमच्याच पाइपशेजारी तुम्ही तिला पुरलं होतं. लेकरू घेऊन निघालेली बाई लेकरू टाकून पळत नाही, रामटेके."

रविंद्र आरुषीकडे वळले. "कुणासाठी भांडतेस? ती तुझी आई नव्हतीच!"

पोलीस अधिकारी दोन पावलं पुढे आली.

आरुषी उठली. मावशीचे डोळे तिने स्वतःच्या ओढणीने पुसले.

"मावशी, तू मावशीच राहा. आई तीच. मला घेऊन निघाली होती." मग ती रविंद्रसमोर उभी राहिली. "पुढच्या रविवारी पुण्यानुमोदन. याच खोलीत. तिला पळपुटी म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः बोलावणार आहे."

तिने तो फोटो भिंतीला, खिडकीच्या बरोबर समोर टेकवला.

"आणि पत्रिकेवर खाली माझं नाव असेल. पूर्ण नाव. अनुपदादा, तुम्हाला माहीत आहे."