धुतलेलं बी

प्रयोगशाळेमागच्या नळाशी एक अनोळखी माणूस बाह्या सरसावून काहीतरी धूत होता. वर गुणगुणतही होता. तिथंच संशोधन करणारी ती सहज जवळ गेली, त्याच्या चाळणीत डोकावली... आणि तिच्या पायांखालची वाळूच सरकली.

“अहो! हे... हे माझं बी आहे!”

“आता स्वच्छ बी आहे,” तो हसला. “केवढं मीठ चिकटलं होतं! मी आजच इथल्या बीजकोठीत रुजू झालोय. आधीच्या नोकरीत टोमॅटोचं बी आम्ही धुऊनच ठेवायचो.”

“हा टोमॅटो दिसतो तुम्हाला?”

ते खाऱ्या वाळवंटातलं झुडूप होतं. त्याचं बी कोरडं राखून थंडीत ठेवलं तरच टिकायचं. खाऱ्या मातीत ते गप्प पडून राहतं. गोडं पाणी लागलं, की पाऊस आला असं समजून लगेच जागं होतं. जिथून तिनं ते वेचलं, त्या माळावर आता रस्ता झाला होता. जगात उरलेलं तेवढं बी या माणसानं... धुतलं!

दुपारी चाळणीत बियांमधल्या कोंबांची हिरवी वेटोळी उलगडू लागली.

“छान दिसतंय,” तो हळूच म्हणाला.

“छान? एकदा उलगडलेलं बी परत मिटत नाही! कोठीत काय ठेवू आता, तुमचं डोंबल?”

“मग लावूया. सगळंच.”

दुसरा उपायच नव्हता. दोघं वाळूचे ट्रे भरायला बसले.

“रोप लावताय की खिळा ठोकताय?” ती कडाडली. “असं... अलगद.” तिनं रागारागानं त्याचं बोट धरून वाळूत टेकवलं. सोडायला मात्र जरा उशीर झाला.

“पुन्हा दाखवता? नीट कळलं नाही.”

“कळलंय तुम्हाला!”

त्यानंतर ती रोज भांडायची. पाणी जास्त झालं, मीठ कमी पडलं, सावली चुकली... तो ऐकून घ्यायचा आणि तिच्या आधी येऊन रोपांपाशी बसलेला असायचा. घरी वहिनीला सगळं साग्रसंगीत ऐकावं लागे.

“आज निळा सदरा होता का गं त्याचा?” वहिनीनं एकदा विचारलं.

“नाही, करडा... तुला काय करायचंय?”

“मला काही नाही बाई!”

रोपं वीतभर झाली, तेव्हा एका सकाळी तो टेबल आवरताना दिसला.

“कुठे निघालात?”

“बदली मागितलीय. साहेबांना सांगितलं, चूक माझी. तुम्हाला रोज माझं तोंड बघायला नको.”

“मी म्हटलं तसं?”

“रोजच म्हणता.”

“म्हणते! म्हणणारच! म्हणून निघून जायचं? ही फुलायची आहेत, बी धरायचं आहे... आणि तू सगळं माझ्या गळ्यात टाकून पळणार?” तिचा आवाज फाटला. “रोज कुणावर ओरडू मी? दुसरं कुणी... दुसरं कुणी नकोय मला!”

तो थक्क होऊन बघत राहिला.

“बघतोस काय? जा, अर्ज मागे घे. आणि यापुढे मला विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही.”

“काहीही?” तो एक पाऊल पुढे आला. “मग विचारतो... हात धरू?”

“आता हेही विचारणार?” ती फणकारली — आणि तिनंच त्याचा हात धरला.