बोगद्यापलीकडचं चार्जिंग

इंग्लंडमध्ये फोकस्टनला, समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या फ्रान्सला नेणाऱ्या आगगाडीच्या टर्मिनलवर एकच चार्जर मोकळा होता आणि त्याच्यासमोर दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

एकीत टॅम्झिन होती. मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेला तीन मजली केक – रात्र जागून तिनंच केलेला, बेल्जियममध्ये मैत्रिणीच्या लग्नात संध्याकाळी पोचवायचा. उरलेल्या बॅटरीत ती निम्म्या वाटेत अडकली असती.

दुसरीतून एक कुरळ्या केसांचा तरुण उतरला. वाऱ्यानं त्याचा मफलर त्याच्याच तोंडावर आपटला.

"तुम्ही लावा," मफलर सोडवत तो म्हणाला.

"पण आधी तुम्ही आलात."

"हो. पण माझ्या गाडीत केक नाहीये."

टॅम्झिनला हसू आलं. भुरभुर पावसात दोघं एकाच छत्रीखाली चार्जरवरचा आकडा चढताना बघत उभे राहिले. त्याचं नाव गास्पार. तिची गाडी भरत आली आणि दोघांच्याही गाड्यांना आगगाडीत चढायचं बोलावणं आलं.

"आता तुमची कधी भरणार?"

"पलीकडे, कालेला उतरल्यावर. आगगाडीत थोडीच चार्जर देतात."

डब्यात त्याची गाडी नेमकी तिच्या पुढे लागली. आगगाडी बोगद्यात शिरली तसा तो उतरून तिच्या अर्ध्या उघड्या काचेशी आला.

"केक ठीक आहे ना?"

"केकची चौकशी करायला आलात?"

"नाही… पण दुसरं निमित्त सुचेना."

तिचे कान तापले. "मग आत ये, बस. आणि ते 'तुम्ही' आता पुरे."

तो नावा बांधायचा. दोन वर्षं केंटच्या किनाऱ्यावर काम केलं, आता फ्रान्समध्ये सांतोमेरला वडिलांच्या कारखान्यात कायमचा चालला होता.

"कायमचा?" टॅम्झिननं उगाचच आरसा नीट केला.

"परत यायला कारण नव्हतं." तो थांबला. "म्हणजे… आज सकाळपर्यंत तरी नव्हतं."

टॅम्झिन बोलायला त्याच्याकडे वळली. तेवढ्यात खिडकीत उजेड आला, सूचना सुरू झाल्या आणि गास्पार हलकेच हसून आपल्या गाडीकडे गेला.

कालेला उतरल्यावर तो चार्जरच्या पाटीकडे वळला. तिचा रस्ता सरळ होता. ती थोडी सरळ गेलीही… मग स्वतःवर चिडली आणि पहिल्याच वळणावरून मागे फिरली.

गास्पार वायर लावून बॉनेटला टेकून उभा होता. तिनं शेजारी गाडी लावली, उतरली आणि मुकाट्यानं दुसरी वायर हातात घेतली.

"टॅम्झिन, तुझी गाडी भरलेली आहे."

"माहीत आहे."

वारा होता, तरी कुणालाच आत बसायचं सुचेना.

"बोगद्यात मी काहीच बोलले नाही," ती म्हणाली. "मला तू आवडलास. म्हणजे – फार. लग्नाला येशील माझ्याबरोबर?"

"तुझ्या मैत्रिणीच्या ना?"

"तूर्त तिच्याच."

गास्पार मोठ्यानं हसला आणि वडिलांना फोन लावला. "बाबा, मी उद्या येतो," तो म्हणाला. "नाही, गाडी ठीक आहे. एक मुलगी भेटलीय."

बोलताना त्याचा मोकळा हात टॅम्झिनच्या हातात होता.