पोटाशी शिवलेला हात

सांगते, पण मध्ये काही विचारू नका. एकदा थांबले तर पुन्हा सुरुवात करणं मला जमायचं नाही.

पुस्तकं बांधायचं माझं छोटंसं दुकान आहे. त्या सकाळी जुन्या शब्दकोशांचा गठ्ठा दाबयंत्रात लावत होते. नवऱ्याने मागून चहाला हाक मारली. मी वळून ‘आले’ म्हटलं आणि पायाने खटका दाबला. उजव्या हाताची तर्जनी आतच राहिली होती.

डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. “हाडाचा चुरा झालाय. एक तर बोट काढून टाकू, नाहीतर नवं घडवू. आत तुमच्याच कमरेचं हाड कोरून बसवायचं, वर पोटाची कातडी. ती नव्या जागी रुजेपर्यंत तीनेक आठवडे हात पोटाला शिवलेला राहील.”

“घडवा,” मी म्हटलं. “मला सुई धरायचीय.”

“त्या बोटाला स्पर्श कळेलच असं नाही.”

“न कळू दे. वाकलं तरी पुरे.”

नवरा म्हणाला, “चला, या निमित्ताने तरी कामातून हात आखडता घेशील.” हसता हसता त्याने तोंड फिरवलं.

मग तो वॉर्ड. दुपारी सगळ्या खाटा पेंगायच्या. फिनेलचा वास, पडद्याच्या कड्यांची बारीक किणकिण, आणि पोटाच्या कडेला शिवलेला माझा हात. बोट म्हणजे निव्वळ लाकूड. सिस्टर ड्रेसिंग करताना टाचणी टोचून बघायची, मला पत्ताही लागायचा नाही.

अशाच एका दुपारी ते बोट कुणीतरी धरलं.

बाहेरून नाही... आतून. इवलीशी, ओलसर, गरम मूठ. धरलं, घट्ट आवळलं, सोडलं.

मी डॉक्टरांना सांगितलं. “तुटलेल्या नसा असे खेळ करतात,” त्या म्हणाल्या. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो सफरचंद चिरत होता. सुरी तशीच थांबली. आम्हाला एक मुलगी झाली होती, दिवस पूर्ण भरून. रडलीच नाही. मी शुद्धीवर यायच्या आत तिला घेऊन गेले होते. तिचा हातसुद्धा मी हातात घेतला नव्हता.

“कुणाला सांगू नकोस,” तो हळूच म्हणाला. “पण... पुन्हा धरलं तर मला सांग.”

मग रोजच दुपारी. मी वाट बघायला लागले. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. पण मूठ दिवसागणिक घट्ट होत चालली, आणि सोडायला वेळ लावू लागली.

हात सुटा करायचा दिवस आला. तेवढाच भाग बधिर केला होता, मी जागी होते. डॉक्टरांनी पातं टेकवलं आणि मुठीने बोट असं काही आवळलं, आत ओढलं, की कातडीच्या कडा ताणलेल्या मला दिसल्या. डॉक्टरांनाही दिसल्या असाव्यात. त्यांचा हात थबकला.

“हात ओढू नका.”

“मी नाही ओढत...”

क्षणभर वाटलं, राहू दे असंच. जन्मभर. मग डोळ्यांपुढे दुकान आलं, अर्धवट शिवलेले गठ्ठे आले, चहा घेऊन दारात उभा राहणारा माणूस आला. मी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, “सोड, बाळा. आईला कामावर जायचंय.”

काहीच झालं नाही. मी पुन्हा म्हटलं, शाळेला उशीर होणाऱ्या मुलाला दटावावं तसं. “सोड म्हणते ना.”

तेव्हा मूठ उलगडली. करंगळी आधी, अंगठा सगळ्यात शेवटी. मी पापण्या न उघडता म्हटलं, “कापा.”

पुढचे कित्येक महिने मी ते बोट वाकवत होते. रबरी चेंडू, कोमट पाणी, शिव्या, रडणं, पुन्हा चेंडू. आता सुई धरते. पुस्तकांची चामडी पाठही शिवते. स्पर्श आला नाही तो नाहीच. मूठही पुन्हा कधी आली नाही.

परवा शेवटच्या तपासणीला गेलो. डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला, मग जुना, मग पुन्हा नवा. पट्टी घेऊन माझं बोट मोजलं.

“हे वाढलंय,” त्या म्हणाल्या. हाडाच्या बुडाजवळच्या एका काळ्या रेघेवर त्यांनी पेन ठेवलं. “हाड वाढतं ते या रेघेपाशी. मोठ्या माणसात ती मिटून गेलेली असते. मी कोरून बसवलेल्या तुकड्यात अशी रेघ नव्हतीच... अशी फक्त लहान मुलांच्या बोटांत दिसते.”

नवऱ्याने खुर्चीचा हात धरला. “किती लहान?”

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात घातला आणि पाकीट बंद केलं. “हवं तर काढून टाकू,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

“नको,” मी म्हटलं. “वाढू दे.”