कॅमेऱ्यातली ब्लेसी

मुलीकडे राहायला जायचा विषय याकोब मास्तर काढूच देत नसत, म्हणून शेवटी कॅमेरा आला. शिरूरला चर्चच्या आवारामागे त्यांचं तीन खोल्यांचं घर. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मिशनच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलेला हा माणूस स्वतःचा चहा स्वतः करी, भांडी स्वतः घाशी, मोबाइलला मात्र हात लावायला तयार नसे. जानेवारीत ते न्हाणीघरात घसरले आणि शेजारच्या कुशाबाई दूध घेऊन येईपर्यंत दोन तास तिथंच पडून राहिले. हाड मोडलं नाही, हीच देवाची कृपा.

ब्लेसी त्यांची एकुलती एक मुलगी. दौंडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करी. नवरा ख्रिस्तोफर रेल्वेत लोको पायलट. घरी कमी आणि इंजिनात जास्त. दौंडहून शिरूर दीड तासाचा रस्ता. रोज जाणं जमणारं नव्हतं, आणि न जाणं तिला आतून खात होतं. आईच्या वेळी ती उशिरा पोहोचली होती. वडिलांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

कॅमेरा बसवायला सुदर्शन आला. रांजणगावला एका कंपनीत मेंटेनन्सला होता आणि सुट्टीच्या दिवशी ही कामं करायचा. हॉलमध्ये वचनांच्या कॅलेंडरच्या वर त्यानं कॅमेरा ठोकला, आणि मग अर्धा तास लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला.

"घरातलं नेट म्हंजी बंद घर हाय, मॅडम. राउटर म्हंजी त्याचं दार. घरात बसून बघायला काय अडचण न्हाई. पण तुम्हाला दौंडवरनं बघायचंय, तर राउटरमधनं एक वाट उघडी ठेवावी लागती."

"त्या वाटेनं दुसरं कोणी आलं तर?"

"पासवर्ड हाय की. तुमच्याबिगर कोण येतंय?"

फोनवरचं बटण दाबून बोललं की आवाज तिकडे कॅमेऱ्यातून निघायचा. दौंडला पोहोचल्यावर ब्लेसीनं पहिल्यांदा "पप्पा" म्हणून हाक मारली, तेव्हा मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले, शाळेत तपासनीस आल्यावर उभे राहत तसे. ती हसली, आणि मग तिला रडूही आलं.

घडी बसली. सकाळी आठला ती गोळीची आठवण करून देई. संध्याकाळी सातला दोघं प्रार्थना करत. ते शिरूरला डोळे मिटून, ती दौंडला स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून. मधल्या वेळी लॅबमध्ये फोन कपाटात असे. कित्येक महिन्यांनी तिचा जीव भांड्यात पडला होता.

मार्चच्या अखेरीस एका संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर मास्तर म्हणाले, "दुपारी तू म्हणालीस म्हणून दाढी केली बघ."

"मी? दुपारी?"

"मग कोण?"

वय झालं, असं तिनं स्वतःला समजावलं. पण आठवड्यात हे चार वेळा झालं. तू म्हणालीस म्हणून खिडकी लावली. तू म्हणालीस म्हणून भात मऊ केला. एकदा तर ते म्हणाले, "दुपारी तू मोकळेपणानं बोलतेस. सकाळी फार घाईत असतेस." हे ब्लेसीला लागलं, कारण ते खरं होतं.

कॅमेऱ्यातल्या कार्डावर रेकॉर्डिंग राहत असे. रविवारी दुपारी तिनं ते फोनवरच उघडून पाहिलं. सकाळचा तिचा स्वतःचा आवाज त्यात स्वच्छ होता. दोन वाजून दहा मिनिटांनी मास्तर वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली. कॅमेऱ्याकडे बघत थोडा वेळ ऐकलं. "बरं," म्हणाले, उठून खिडकी लावली, पुन्हा येऊन बसले. "आणि ख्रिस्तोफर?" असं विचारून थांबले. मग हसले. मधल्या वेळात पंख्याची घरघर तेवढी होती.

ब्लेसीनं ते चार वेळा पाहिलं. रोज रक्ताचे रिपोर्ट देणारी ती बाई. यंत्रात जे उमटतं तेच खरं धरायचं, अशी तिला सवय. यंत्रात तर काहीच उमटलेलं नव्हतं. म्हातारपणी माणसं आपल्याशीच बोलतात. तिनं ठरवलं, शिरूरला जाऊन डॉक्टरांना विचारायचं.

त्याच संध्याकाळी प्रार्थनेआधी मास्तरांनी हातातलं बायबल मिटलं.

"काल सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "आईच्या वेळचं."

"काय सांगितलं?"

"मी दवाखान्यातून फोन केला तेव्हा तू लॅबमध्येच होतीस, आणि शिफ्ट संपवून मग निघालीस ते. मी रागावलेलो नाही, बाळ."

ब्लेसीच्या हातातून फोन ओट्यावर पडला. ही गोष्ट तिनं ख्रिस्तोफरलासुद्धा सांगितली नव्हती. बस मिळाली नाही, असंच ती सहा वर्षं सगळ्यांना सांगत आली होती.

तिनं बोलावल्यावरून सुदर्शन दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर परस्पर शिरूरला गेला. तिथून त्यानं फोन केला. "सगळं बघितलं, मॅडम. आजवर तुमचाच एक फोन जोडलेला हाय. दुसरं कुणी आलंच न्हाई."

"तरीपण ती वाट बंद कर."

"मग तुम्हालाबी दिसायचं न्हाई."

"चालेल. बंद कर."

त्यानं बंद केली. तिच्या फोनवर काळी चौकट आली आणि तशीच राहिली. तीन दिवस ब्लेसी चाचपडल्यासारखी वावरली. आठ वाजले की हात फोनकडे जाई. चौथ्या दिवशी सकाळी राहवेना, तेव्हा तिनं कुशाबाईंना फोन लावला.

"मास्तर बरे हायेत की," कुशाबाई म्हणाल्या. "आन् तुमी आसं का इचारताय? तुमचं बोलणं भितीपल्याडनं दिसभर आइकू येतंय. आदी सकाळ-संध्याकाळ यायचं, आता तीन दिस झालं, थांबतच न्हाई. काल दोघं मिळून गीत म्हनत व्हता. गोड हाय हां आवाज तुमचा."

ब्लेसी आयुष्यात कधी सुरात गायली नव्हती.

तिनं लॅबमध्ये न कळवताच गाडी काढली. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत पुढे उसाचे ट्रॅक्टर होते. हॉर्न देऊन देऊन तिचा हात दुखायला लागला.

मास्तर दारापुढच्या ओट्यावर बसले होते. दाढी केलेली, कोट घातलेला, शेजारी भरलेली पिशवी.

"या," ते म्हणाले.

ती आत गेली. घर स्वच्छ होतं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागलेला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. काही ऐकू आलं नाही. तिनं स्टूल ओढलं, वायर उपटली, कॅमेरा काढून पर्समध्ये कोंबला.

"पप्पा, आता दौंडला राहायचं. मी ऐकणार नाही."

"चला," मास्तर म्हणाले.

एवढ्या वर्षांच्या नकारानंतर एकच शब्द. ते गाडीत मागच्या सीटवर बसले. तिनं पुढे बसायचा आग्रह केला नाही. वाटेत तिला रडू येत होतं, ते आनंदाचं होतं. वडील जिवंत होते, धडधाकट होते, आणि तिच्या गाडीत होते.

दौंडला तिनं मऊ भात केला, वरण केलं. मास्तरांनी डोळे मिटून अन्नाबद्दल आभार मानले, पोटभर जेवले, आणि ती नको म्हणत असताना आपलं ताट स्वतः धुतलं. मग हात पुसून तिच्यासमोर उभे राहिले.

"फार केलंत, बाई," ते म्हणाले. "आता मला शिरूरची एसटी कुठं मिळेल तेवढं सांगा. ब्लेसी घरी एकटी आहे."

"पप्पा."

ते थांबले.

"पप्पा, मीच ब्लेसी."

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत गोंधळ नव्हता. गणित चुकलेल्या पोराला ओरडायचं नाही असं ठरवलेल्या मास्तरांचे ते डोळे होते.

"तुम्ही असं म्हणाल, हे तिनं सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "म्हणाली, एकदा जाऊन या, त्याशिवाय त्यांना बरं वाटायचं नाही."

आणि ते दारात जाऊन चपला घालू लागले.