अठ्ठावीस वर्षं मागे

नगरपालिकेच्या संगणकाकडचा काळ एकोणीस जानेवारी २०३८ ला सकाळी पावणेनऊला संपणार, हे ज्या दिवशी गावाला कळलं, त्या दिवशी दुकानांतल्या मेणबत्त्या दुपारपर्यंत संपल्या. लिफ्ट कोसळतील, नळातून वाफ येईल, असं ठामपणे सांगणारे चौकाचौकात उभे होते. एका गृहस्थांनी कुकर बंद पडेल या भीतीने बायकोकडून आठवड्याचा भात शिजवून घेतला.

काळ संपतो म्हणजे नेमकं काय होतं, असं मुख्याधिकारी कर्डिले यांनी संगणककक्षात येऊन विचारलं. श्रीधर खांबेटे पालिकेचे जुने संगणकतज्ज्ञ. तीन वर्षांपूर्वी पत्नी मृणाल गेली, तेव्हापासून ते घरापेक्षा कक्षातच जास्त असत.

"यंत्र १९७० पासून सेकंद मोजतंय," खांबेटे म्हणाले. "त्या आकड्याला जागा ठरलेली आहे. ती भरली की स्कूटरच्या मीटरसारखं उलटेल आणि १९०१ सालात जाईल."

"मग नवा संगणक का नाही मागितलात?"

"मागितला होता. तुम्ही कारंजं बांधलंत."

खांबेट्यांनी यंत्राचं घड्याळ अठ्ठावीस वर्षं मागे नेलं. तेवढ्या वर्षांनी तारीख आणि वार पुन्हा जुळतात, त्यामुळे पाणी सोडायचे वार चुकणार नव्हते. पावणेनऊ वाजले. काही झालं नाही. लोकांना जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची सव्वीस वर्षांची सहायक, नौशीन बागवान, कक्षाच्या यंत्राने उघडणाऱ्या दारातच अडकली. तिचा जन्म अजून व्हायचा आहे, असं दार सांगत होतं. यंत्राच्या मते हे २०१० साल होतं आणि त्यानंतरची कुठलीच नोंद घडलेली नव्हती. अठ्ठावीसच्या आतलं सगळं गाव जन्मायचं होतं. या अठ्ठावीस वर्षांत गेलेले सगळे हयात होते. यंत्र प्रत्येक घराला नोंदीतल्या हयात माणसांपुरतं पाणी सोडे, म्हणून तरुण जोडप्यांचे नळ कोरडे पडले आणि जुन्या घरांच्या टाक्या वाहू लागल्या. एक सून तक्रार घेऊन आली. सासरे परत हयात झाले असतील, तर घरात आता कोणाचं चालायचं, एवढं तिला लेखी हवं होतं.

खांबेट्यांच्या टाकीतही दोघांचं पाणी आलं. ते बराच वेळ टाकीपाशी उभे राहिले.

नौशीनने तोडगा काढला: सगळ्या नोंदींतूनही अठ्ठावीस वर्षं वजा करायची. जन्म यंत्राने तासाभरात लावले. मृत्यूंपाशी अडलं. यंत्राने पूर्वी एका नगरसेवकाला चालू सभेत मृत ठरवलं होतं, आणि सभेत कोणी हरकत घेतली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक मृत्यूला माणसाचा अंगठा लागे. नियम खांबेट्यांनीच करून घेतला होता.

नोंदी अकरा हजार चारशे सात. ते नऊ दिवस बसले. ओळखीचं नाव आलं की जरा थांबत, मग अंगठा लावत. नळ एकेक करून सुरू झाले.

"सर, एक राहिलीय," नौशीन म्हणाली.

"माहीत आहे."

तिने नाव वाचलं होतं. ती म्हणाली, "शेवटच्या नळाला एका माणसाचं पाणी कमी पडतंय. शेवटचं घर आमचं आहे, सर."

दुसऱ्या दिवसापासून खांबेटे रोज सकाळी स्कूटरवर एका माणसाचं पाणी बागवानांच्या घरी पोचवतात. नौशीनची आई त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडत नाही.

नवा संगणक अजून घ्यायचा आहे. मृणाल खांबेटे यांच्या नोंदीवर अंगठा लावायचा आहे.