गरम स्टेपनी

थोरलीला राग यायला फार काही लागत नसे. दिवसभर टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, ही तिची नोकरी. कुणाचा फ्रिज थंड होत नाही, कुणाचं मशीन कपडे फाडतं, आणि हिनं आपलं गोड आवाजात 'समजलं साहेब' म्हणायचं. आतल्या आत साठलेलं मग घरी नवऱ्यावर निघायचं. तो बिचारा पेपरामागे तोंड लपवायचा.

त्या दुपारी मात्र ती शांतपणे गाडी घेऊन निघाली होती. आईनं बोलावलं होतं.

आई म्हणजे निवृत्त शिक्षिका. कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची नाही, हा तिचा जन्माचा नियम. वर्गातल्या मुलांना तोच आणि पोटच्या पोरांनाही तोच. 'एकदाच सांगते, कान देऊन ऐका.' थोरली लहान असताना वडील एका सकाळी घरातून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. का गेले, कुठे गेले, याबद्दल तर आईनं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थोरलीनं चारचौघांत विचारलं, शब्दाला शब्द लागला, आणि मायलेकींचं बोलणंच बंद झालं. आता आज संध्याकाळी आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळी तिनं आपण होऊन फोन केला.

"उठेन न उठेन. बाबांचं सांगायचंय तुला. मला आत नेतील त्याआधी ये."

आणि अर्ध्या वाटेत गाडीचं मागचं चाक बसलं. नेमकं आजच बसायचं होतं त्याला.

समोरच पंक्चरवाल्याची टपरी होती, एवढं तरी बरं. त्यानं टायरवरून हात फिरवला आणि मान हलवली. टायर बाजूनं फाटला होता. "स्टेपनी काढा," तो म्हणाला.

गाडीबरोबर आलेली ती बारीक स्टेपनी. चाक कसलं, लहान मुलाच्या सायकलचं वाटावं असं. गाडी घेतल्यापासून डिकीतून बाहेर निघाली नव्हती. पंक्चरवाल्यानं ती उचलली आणि पटकन खाली ठेवली. फडक्याला हात पुसत तो थोरलीकडे बघत राहिला.

"बाई, आत्ताच काढली होती का ही?"

"कधीच काढलेली नाही. नवी कोरी आहे."

"हात लावून बघा."

थोरलीनं हात लावला. रबर गरम होतं. चांगलं दूरवर पळून आल्यासारखं गरम, जळका वास येणारं. नक्षी झिजून गेली होती आणि खाचांत ओला राखाडी चिखल होता. डिकीतला गालिचा मात्र स्वच्छ, कोरडा.

तिचं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे तिनं नवऱ्याला फोन लावला. "माझी गाडी कुणाला दिली होतीस? खरं सांग."

"अगं कुणाला देणार? शपथ घेतो."

"तुझ्या शपथा मला पाठ आहेत," म्हणून तिनं फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाला भुताखेतांचं सुचतं, की नवऱ्याचं?

पंक्चरवाल्यानं नट आवळले, पण पैसे घेताना नजर वर केली नाही. "ऐंशीच्या वर नेऊ नका. आणि... हिच्यावर लांब जाऊ नका."

"माझी आई दवाखान्यात आहे," थोरली म्हणाली आणि निघाली.

पुढचा रस्ता तलावाच्या कडेनं जात होता. पाण्यावरून धुकं वर यायला लागलं होतं. बैलगाडीनंही पुढे जावं अशा वेगानं थोरली चालली होती. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न ठणाणा वाजवून पुढे जात होता, आणि ती प्रत्येकाचा उद्धार करत होती. मागच्या बाजूनं बारीक चाकाचा आवाज येत होता. हं... हं... गोष्ट ऐकणारं माणूस हुंकार देतं ना, तसा. ती स्वतःशीच बडबडली, "एवढी वर्षं गप्प बसली, आणि आता घाई." चाक म्हणालं, हं. "पण आज सांगणार आहे. मला एकटीला." हं... हं... मग मात्र ती गप्प झाली. चाकाचा हुंकार चालूच राहिला.

तेवढ्यात एक गाडी भरधाव पुढे गेली. हिच्याच रंगाची, मागे तसलंच बारीक चाक. चालवणारी बाई सरळ समोर बघत होती. नंबरच्या पाटीवर राखाडी चिखल थापला होता.

"मरायचंय का बाईला," थोरली करवादली. आपण नियम पाळायचे आणि लोकांनी खुशाल उडत जायचं, याचाच तिला संताप आला.

ती पोचली तेव्हा आईला स्ट्रेचरवर घेतलं होतं. धाकटा भाऊ पायथ्याशी उभा होता. तिला बघून तो गोंधळला.

"ताई? तू परत आलीस? काही विसरलीस का?"

"परत म्हणजे? आत्ता पोचतेय मी. आई, बोल. मी आलेय."

आईचा चेहरा कधी नव्हे इतका हलका दिसत होता. मोठं ओझं उतरवून ठेवल्यासारखा. तिनं थोरलीचा हात थोपटला. "सांगितलं ना मघाशी सगळं. किती रडलीस. किती शहाण्यासारखं ऐकून घेतलंस."

"मी नव्हते ती. आई, मी आत्ता येतेय गं. मला सांग."

आईच्या कपाळावर ती जुनी, वर्गातली आठी पडली. "दोनदा सांगत नाही मी. माहितीये तुला."

स्ट्रेचर हललं. थोरली दाराला धडकेपर्यंत बरोबर धावली. दार बंद झालं.

अंधार पडल्यावर डॉक्टर बाहेर आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, तेवढ्यावरूनच कळलं. धाकटा मटकन खाली बसला. थोरलीला रडू आलंच नाही. आधी संतापच आला, अंगाची लाही करणारा. तिच्या वाटणीचं, जन्मभर वाट पाहिलेलं, कुणी दुसरीच घेऊन गेली होती. तिच्याच आईजवळ बसून. तिचे अश्रू रडून.

ती खाली गाडीपाशी आली आणि नवऱ्याला फोन लावला.

"आई गेली रे."

 पलीकडून तो अगदी हळू म्हणाला, "कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? मी."

"ती... ती घरी आहे. मघाशीच आली. हात धुतेय. आईंनी बाबांचं सगळं सांगितलं म्हणते..."

 घर, नवरा, काही काही थोरलीला त्या क्षणी नको होतं. फक्त एकच हवं होतं.

"विचार तिला," ती दातओठ खात म्हणाली. "आई काय म्हणाली, विचार."

नवऱ्यानं फोन बाजूला धरला. दोन आवाज कुजबुजले. त्यातला एक तिचा स्वतःचा होता.

"विचारलं," तो परत येऊन म्हणाला.  "ती म्हणते... दोनदा सांगत नाही मी."

फोन बंद झाला. थोरलीनं मागच्या बारीक चाकावर हात टेकला. गाडी आल्यापासून जागची हलली नव्हती, आणि रबर गरम होतं.