टेकडीवरून उतरलेले घर

"माझ्याकडची मागची खोली देऊ की तिला! बटाटे सोलेल, कोंबड्यांना दाणे टाकेल... अजून काय लागतं अशा माणसाला?"

एलादियो हे बोलला ते आईच्या चुलीपाशी बसून, बहिणीने थापलेला बटाट्याचा मिलकाओ तोंडात असताना! एदेलमिराने हातातली किटली चुलीवर आदळली. सत्तरीला टेकलेल्या त्या माउलीच्या अंतःकरणात कितीतरी वर्षे दडपलेला संताप एकदम उसळला.

"अशा माणसाला म्हणजे कशा रे? नाव आहे तिला! सत्तावीस वर्षांची आहे ती. आणि तू गिळतोयस ना, ते तिनंच केलंय!"

नोएमी खिडकीशी वाटाणे सोलत होती. तिच्यादेखत तिच्याविषयी बोलायची सगळ्यांना सवयच होती, जणू ती माणूस नव्हतीच, कोपऱ्यातले स्टूल होते! ती डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली तेव्हा सुईण म्हणाली होती, फार माया लावू नकोस, ही जगायची नाही. एदेलमिराचा नवरा मेंढ्यांची लोकर कातरायला दूर पातागोनियात गेला तो तिकडचाच झाला. पण नोएमी जगली, वाढली. गावातल्या कार्यशाळेत नऊ वर्षे जाऊन पाव भाजायला शिकली, एकटीने बसने जायला शिकली. तिथेच तिला फ्रेस्या आणि लुचो भेटले, तिच्यासारखेच. तिघांनी एकत्र राहायचे ठरवले होते, आपल्या घरात, आपल्या किल्लीने. कार्यशाळेतल्या बाई सकाळ-संध्याकाळ डोकावून जाणार होत्या.

टेकडीवर बस येत नव्हती, म्हणून एदेलमिराने मनाशी निश्चय केला होता, की हे राहते घरच खाली चॅपलजवळ, तिच्या मावशीने मागे ठेवलेल्या जागेवर न्यायचे आणि पोरांना द्यायचे. आमच्या चिलोए बेटावर लाकडी घर असेच जाते, ओंडक्यांवर चढवून, साऱ्या गावाच्या बैलांनी ओढून. ही मिंगा.

"आणि मी?" एलादियोचा स्वर चिरका झाला. "मी याच घरात जन्मलो, आई. हे घर माझं व्हायचं होतं."

"तुला खाली घर आहे, बायको आहे, दार आहे. तिला काय आहे? तुझी मागची खोली?"

तो ताट सरकवून निघून गेला.

मिंगा करायची तर घरोघरी जाऊन ती मागायची, आणि तिला कुणी नाही म्हणत नाही. एदेलमिराच्या उभ्या आयुष्यात कुणी म्हटले नव्हते. त्या दिवशी ती अकरा दारांत गेली. एकाचा बैल लंगडत होता. दुसऱ्याची ओंडके बांधायची साखळी हरवली होती. ओतिलिया तर स्पष्टच बोलली, "चॅपलजवळ कशाला गं? ती पोरं आग लावतील. वर कुणाला त्यांचा त्रास नाही, राहू देत की वर!"

त्रास! या ओतिलियाच्या तिन्ही बाळंतपणांत एदेलमिराने रस्सा पोचवला होता... आणि आज हा शब्द!

घरी येऊन ती चुलीपाशी मटकन बसली आणि रडू लागली. नोएमी जवळ आली.

"आई, तू काय म्हणालीस त्यांना?"

"काय म्हणणार! त्या बिचाऱ्या लेकरांवर दया करा म्हटलं. हात जोडले."

"आणि त्यांच्याकडे कामाला कधी जायचं ते?"

"कसलं काम?"

"ओतिलियाबाईंची सफरचंदं. दादाचे बटाटे. ते आपलं घर ओढणार, मग आपण त्यांच्याकडे जायचं. असंच असतं ना?" नोएमीने कपाळाला आठी घातली. "आणि घर माझं आहे. मग तू का मागितलंस?"

एदेलमिराचे अश्रू जागीच थिजले. या बेटावरचा कंगाल माणूसही ताठ मानेने मिंगा मागतो, कारण तो आपल्या हातांचा शब्द देतो. तिने मात्र भीक मागितली होती! आपल्या लेकीकडे परत देण्यासारखे काही असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते. मग एलादियोवर कोणत्या तोंडाने चिडायचे? मागची खोली तर तिनेही दिली होती... मनातल्या मनात, सत्तावीस वर्षे!

दुसऱ्या दिवशी सकाळी नोएमी लाल लोकरी जाकीट घालून निघाली. पहिले दार एलादियोचे. एदेलमिरा फाटकाशी थांबली. पुढे यायची तिला मनाई होती.

"दादा, शनिवारी माझं घर ओढायचंय. बैलजोडी घेऊन ये."

"आईनं पाठवलं?"

"नाही. ती बघ, तिथं उभी आहे. तिला सांगितलंय, बोलायचं नाही. मी तुझे बटाटे काढायला येईन. तीन दिवस. लुचो पण. तो बडबड फार करतो, पण पोती उचलतो."

एलादियो जवळ आला. "नोएमी... तू आजारी पडलीस तर गं?"

"तुझं दार जवळ असेल. मी वाजवीन. वर कुणाचं वाजवू?"

तो अडखळत म्हणाला, "मी मागची खोली झाडून ठेवली होती तुझ्यासाठी..."

"तिथं आईला ठेव. घोरते ती."

एलादियोला हसू फुटले, आणि हसता हसता तो धाय मोकलून रडू लागला. "चुकलो गं मी..." नोएमीने त्याच्या पाठीवर दोनदा थोपटले आणि विचारले, "म्हणजे येतोस ना?"

ओतिलियाने पुन्हा आगीचे काढले. नोएमी शांतपणे म्हणाली, "तुमच्याच चुलीत पाव जळत होता, चॅपलच्या जत्रेत. मी बाहेर काढला." ओतिलियाने नाक मुरडले. मग कुरकुरली, "सफरचंदाला किती दिवस येशील?"

"दोन. फ्रेस्याला आणते."

शनिवारी बारा जोड्या आल्या. सर्वांत पुढे एलादियोची. दारे-खिडक्या काढलेले ते घर करकरत हलले, उतारावर डोलले, आणि गावाने जल्लोष केला. एदेलमिराचे डोळे भरून आले, पण राग निवला नव्हता. कुठे होता रे इतकी वर्षे? लंगडा बैल काय धावतोय बघा! तिने कुणालाही आशीर्वाद दिला नाही. आपले गाठोडे मात्र तिने एलादियोच्या गाडीत ठेवले. चाळीस वर्षांच्या घराच्या जागी आता नुसते खांबांचे दगड उरले होते.

संध्याकाळी दारे-खिडक्या परत बसल्या, आणि चॅपलजवळच्या धुराड्यातून पहिला धूर निघाला. एदेलमिरा सवयीने पायरी चढली, दार ढकलून आत शिरली आणि चुलीवरचे भांडे सारखे करायला हात पुढे केला.

"आई," नोएमी म्हणाली, "दार वाजवायचं असतं."

एदेलमिराने पुढे केलेला हात मागे घेतला. मग ती मागे फिरली, पायरी उतरली, दार ओढून घेतले आणि स्वतःच्या हातांनी रंगवलेल्या त्या दारावर तिने आयुष्यात पहिल्यांदा टकटक केली.

"कोण आहे?"

"मी... एदेलमिरा."

दार उघडले. नोएमीने खुर्ची पुढे ओढली.

"ये. बस. आणि हात लावायचा नाही कशाला, मी वाढते."

एदेलमिरा बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले... आणि गरम ताटाची वाट पाहू लागली.